किफाया मॅडम

आमच्या मनीषनगरच्या सोसायटीत रविवारी सकाळी चार निवृत्त माणसं बाकड्यावर बसतात आणि देश चालवतात. चहा आला की त्यांच्यातला कोणी ना कोणी ठरलेलं वाक्य टाकतोच. "काही म्हणा, त्या लोकांत एकी असते. आपल्यात नाही." हे कानावर पडलं की मला शेख मॅडम आठवतात आणि हसू आवरत नाही. एकदा गावंडे काकांनी हेच वाक्य खुद्द मॅडमच्या तोंडावर टाकलं होतं. मॅडम तिळगूळ घ्यायला माझ्याकडे आल्या होत्या, गेटपाशी स्कूटी लावत होत्या, आणि काकांना बहुधा कौतुकच करायचं होतं.

मॅडमनी हेल्मेट काढलं, ओढणी सारखी केली आणि बाकड्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "काका, तुमी एक दिवस आमच्या मशिदीच्या कमिटीची मीटिंग पाहाले या. पंखा कोणता घ्याचा, यावरून दोन सख्खे भाऊ ईदच्या दिवशी गळ्यात नाई पडले."

काका हसले, पण हटले नाहीत. "तसं नाही हो. पण तुमच्यात म्हणतात ना, सगळे मिळून एक शरीर?"

"हाव, म्हणतात. उम्मत, म्हणजे सारे मुसलमान मिळून एक अंग. एका जागी दुखलं का साऱ्या अंगाले ताप आला पायजे. पण काका, अंग म्हटलं का त्यात अ‍ॅसिडिटी पण आली!"

बाकडं गदागदा हललं. काकांनी त्यांना चहा पाजला, आणि पुढचा अर्धा तास मॅडमनी त्या चौघांना उभ्याउभ्या शिकवलं. माझा तिळगूळ तसाच राहिला.

शेख मॅडम म्हणजे खैरुन्निसा शेख. सक्करदऱ्याच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात त्या राज्यशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. दोघीही मूळच्या उमरेडच्या. माझे वडील शेती करायचे, त्यांचे हातमागावर बसायचे. लग्न त्यांनी केलं नाही. भाऊ नाही, बहीण नाही. म्हाताऱ्या अम्मीला घेऊन त्या कॉलेजामागच्या मोहल्ल्यात राहायच्या. मोहल्ला त्यांना 'आपा', म्हणजे ताई, म्हणायचा. मी मराठीची बाई, पण अस्सल बोली त्यांच्याकडे. मी जरा पुस्तकी बोलायला लागले की म्हणायच्या, "कुंदा, जिभेवरची इस्त्री काढ वं."

अंगानं इवल्याशा. पांढऱ्या ओढणीचं टोक कानामागे खोचलेलं असायचं, आणि ते टोक सुटलं की समजायचं, आता कोणाचं तरी काही खरं नाही. पर्समध्ये फुटाणे असायचे. एकटीनं एक दाणाही तोंडात टाकायच्या नाहीत. आधी टेबलावर कागद पसरायच्या, सगळ्यांना हाका मारायच्या, मग स्वतः घ्यायच्या. "एकट्यानं खाल्लेलं अंगाले लागत नाई." प्राचार्यांच्या केबिनमध्ये मेमो घ्यायला बोलावलं तेव्हाही त्यांनी साहेबांच्या टेबलावर फुटाणे पसरले होते. मेमो मिळालाच, पण साहेबांनी फुटाणेही खाल्ले.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. कोणी शोकसभा घेतली नाही, कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. त्या असत्या तर टेबलावर पेन आपटून म्हणाल्या असत्या, "कोणीच नाई लिहिलं? सगळे गुन्हेगार!"

हे त्यांचं पेटंट वाक्य. त्याच्यामागे एक अख्खा सिद्धांत होता आणि तो त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवला की मी झोपेतही सांगेन. मुसलमानी धर्मशास्त्रात कर्तव्यं दोन जातींची. एक ज्याचं त्यानं करायचं. नमाज, रोजा. तुमचं मी करून चालत नाही. दुसरं सगळ्यांचं मिळून, त्याचं नाव फर्ज-ए-किफाया. मेलेल्याला न्हाऊ घालणं, त्याची नमाज पढणं, माती देणं. वस्तीतल्या एकानं जरी ते केलं, तरी सगळे सुटले. कोणीच केलं नाही, तर ज्याला ज्याला ठाऊक होतं तो प्रत्येक जण गुन्हेगार.

"पाय ना कुंदा, किती हुशार लोक होते," त्या म्हणायच्या. "समाज म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगून टाकलं. जे कोणा एकाचं काम नाई, ते सगळ्यांचं काम. आपल्याकडे काय होते? जे कोणा एकाचं काम नाई, ते कोणाचंच काम नाई."

सिद्धांत धर्मशास्त्रातला, पण मॅडम तो कुठेही लावायच्या. पहिल्यांदा लावला तो स्टाफरूमच्या माठाला. मे महिन्याचे दिवस, नागपूरचं ऊन, शिपाई रजेवर. माठ कोरडा. जो तो येतो, पेला बुडवतो, खडखड आवाज ऐकतो, "अरे बाप्पा" म्हणतो आणि पंख्याखाली जाऊन बसतो. प्राचार्य साहेबसुद्धा आले, वाकून पाहिलं आणि शिपायाच्या नावानं चार शब्द बोलून खुर्चीत बसले. मग मॅडम वर्ग संपवून आल्या. पेला बुडवला. ओढणीचं टोक कानामागून सुटलं.

"इतके डबल ग्रॅज्युएट बसले अन् माठ कोरडा! सगळे गुन्हेगार!"

सगळे खाली बघायला लागले. साहेब म्हणाले, "मॅडम, शिपाई आला की..."

"तुमी पण, सर. खुर्ची पाहून सूट भेटत नाई यात."

आणि बादली उचलून निघाल्या. आता बाई बादली घेऊन निघाली म्हटल्यावर बसून कोण राहणार? पी.टी.चे वानखेडे सर धावले, मग गणिताचे धावले, आणि शेवटी एका बादलीला चार हात लागले. त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं किफाया मॅडम. पोट्ट्यांनी ते वर्गात नेलं. फळ्यावर डस्टर नसलं की सारा वर्ग एका सुरात ओरडायचा, "सगळे गुन्हेगार!" दुसरी कोणी असती तर चिडली असती. मॅडम उलट चॉकलेटं वाटायच्या.

दुसरा त्यांचा लाडका शब्द असबिया. तोही अभ्यासक्रमात नव्हता. पण मॅडम राज्यसंस्थेचा धडा सुरू करायच्या, युरोपातल्या दोघातिघांची नावं फळ्यावर लिहायच्या आणि मग खडू खाली ठेवून म्हणायच्या, "आता हे पुसू नका, परीक्षेत येते. पण यांच्या लय आधी एका अरब इतिहासकारानं एक गोष्ट सांगितली, ते ऐका." वाळवंटातल्या टोळ्या. पाणी नाही, सावली नाही, म्हणून माणूस माणसाला धरून. एकावर घाव पडला की सगळे उठतात. ती धग म्हणजे असबिया. त्या धगीवर टोळी शहर जिंकते, गादीवर बसते. मग गाद्या मऊ होतात, नातवंडांना आजोबांची तहान आठवत नाही, धग विझते. तोवर वाळवंटातून दुसरी टोळी निघालेली असते.

आणि मग वडिलांचा माग यायचा. "माह्या अब्बाचा ताणा असा घट्ट, का बोट मारलं तर वाजे. ताणा ढिला तर कापड होत नाई. पण एकदा मी लहान होते, अन् म्हटलं आपण अजून घट्ट करू. खटकन सूत तुटलं. अब्बानं काय झोडपलं मले! असबिया तशीच आहे पोट्टेहो. ढिली झाली तर राज्य जाते, अन् लय ताणली तर आपलंच माणूस तुटते."

हे नुसतं फळ्यापुरतं नव्हतं. अकरावीच्या एका वर्गानं एका पोराला वाळीत टाकलं होतं. पोरांनी सहामाहीच्या आधी काहीतरी गडबड केली होती आणि या पोरानं ते घरी सांगितलं, घरच्यांनी कॉलेजला. झालं. त्याच्या बेंचवर कोणी बसेना. पाण्याची बाटली कोणी देईना. त्याच्याशी बोललेलं दिसलं तर बोलणाराही बाद. वर्गशिक्षकांनी समजावलं, साहेबांनी दम दिला. पोट्टे ऐकतात का? उलट आणखी घट्ट झाले.

मॅडम वर्गात गेल्या. हजेरी घेतली. मग पुस्तक उचलून सरळ मागच्या बेंचवर त्या पोराच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिथूनच शिकवायला लागल्या. सगळा वर्ग माना वळवून मागे बघत बसला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. कोणी म्हणालं, "मॅडम, समोर या ना, मान दुखते."

"माही जागा इथी आहे बाबू. तुमाले समोरच पाहाचं असन तर पाहा, फळा आहेच तिथी."

मुलांनी मग आपले बेंच फिरवले. म्हणजे शेवटचा बेंच पहिला झाला, आणि तो पोरगा वर्गाच्या तोंडावर आला! मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला हाताला धरून ओढत वर्ग दाखवायला नेलं. "तुमची असबिया एक नंबर आहे," त्या मुलांना म्हणाल्या. "मले अशीच पायजे. पण आपल्यातल्या एकाले पिळून जी एकी होते ना, ते एकी नाई गा. ते भीती आहे. उद्या तुमचा नंबर."

मग कोणीतरी त्या पोराला बाटली दिली. मॅडम उठून समोर गेल्या आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढचा मुद्दा घेतला.

आता मोहल्ल्याची गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना अजूनही माझं डोकं तापतं.

मोहल्ल्याच्या जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, म्हणून एक भला माणूस होता. भला म्हणते ते उपरोधानं नाही. अम्मी आजारी पडली तेव्हा रिक्षा मिळेना म्हणून सदरसाहेबांनी तिला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं, औषधासाठी रांगेत उभे राहिले होते. त्यांचा मुलगा आदिल. लहानपणी मॅडमकडे शिकवणीला यायचा. एका संध्याकाळी आदिल वडिलांची गाडी घेऊन भरधाव निघाला आणि मोहल्ल्याच्या तोंडाशीच त्यानं एका सायकलवाल्याला उडवलं. सायकलवाला गवंडी होता, काम आटोपून उमरेडच्या बससाठी निघाला होता. त्याचा पाय गेला. मॅडम समोरच्या दुकानात दही घेत होत्या. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं.

पोलिस आले तोवर चालकाच्या जागी सलीम उभा होता. सलीम म्हणजे सदरसाहेबांचा पगारी ड्रायव्हर, त्याच मोहल्ल्यातला. तो म्हणाला, गाडी मीच चालवत होतो. आजूबाजूचे म्हणाले, आम्ही पाहिलं नाही. मॅडम दह्याचं भांडं हातात घेऊन पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मी पाहिलं. आदिल चालवत होता."

झालं. आदिलवर केस उभी राहिली ती त्यांच्या एकटीच्या जबाबावर. गवंड्याला धडक मागून बसली होती, आणि बाकी कोणाला काही दिसलंच नव्हतं. त्या कोर्टात फिरल्या असत्या तर आदिल सुटला असता आणि सलीम अडकला असता.

सदरसाहेब घरी आले तेव्हा मी तिथे होते. चढ्या आवाजात बोलले नाहीत. हात जोडले. "आपा, बाहेर आपल्याकडे कसं पाहतात ते तुम्हाला सांगायला पाहिजे का? पोराचं नाव पेपरात आलं की बोट एकट्या पोराकडे नाही जात, अख्ख्या मोहल्ल्याकडे जाते. आपणच आपल्या पोराला धरून दिलं तर राहिलं काय? एकी हाच तर आपला आधार आहे. अपने बच्चे का सवाल है, आपा."

खरं सांगते, मला त्या माणसाची कणव आली. त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. आमच्या बाकड्यावरचे चौघं काय बोलले असते ते मला बसल्या जागी ऐकू येत होतं.

मॅडमनी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. मग म्हणाल्या, "सदरसाहेब, सलीम कोणाचा बच्चा आहे?"

त्यांनी जोडलेले हात खाली घेतले.

"आपल्या माणसाची मदत करावी, हे बरोबर. तो जुलूम करत असन तरी करावी. पण कशी? त्याचा हात धरून. हे मी तुमाले काय सांगू, तुमीच साऱ्यायले कितीकदा ऐकवलेलं आहे. पोराले सांगा, उभा राह्य अन् कबूल कर. मी त्याच्यासंग येते. वकिलाकडे येते, त्या गवंड्याच्या घरी येते, जिथी म्हणान तिथी येते. पण मी पाहिलं नाई, असं माह्या तोंडून निघणार नाई."

त्यानंतर मोहल्ल्यानं काही जाहीर केलं नाही. तसं जाहीर कोणी करत नसतं. शिकवणीची मुलं यायची थांबली. नळावर बायका त्यांना पाहून बोलणं आवरायच्या. दुकानदार सामान द्यायचा, पण 'अम्मी कशी आहे' विचारायचा नाही. ईद आली. मी म्हटलं, यंदा तरी माझ्याकडे या, कशाला तिथे एकट्या बसता. तर म्हणे, "एकटी काहून? सारा मोहल्ला आहे ना." पातेलंभर शीरखुर्मा केला आणि वाट्या भरून दारोदार निघाल्या. दार वाजवायच्या. उघडलं तर म्हणायच्या, "ईद मुबारक. भांडण आपल्या जागी, शीरखुर्मा आपल्या जागी." कोणी वाटी घेतली, कोणी दारच उघडलं नाही. जिथे उघडलं नाही तिथे ओट्यावर झाकून ठेवून आल्या. सदरसाहेबांच्या ओट्यावरही. मी असते ना, तर वाटीत मीठ घालून ठेवलं असतं!

आणि मग कोर्टाची तारीख सोमवारवर आली, आणि शनिवारी पहाटे अम्मी गेली.

मला फोन आला. मी वानखेडे सरांना उठवलं, कॉलेजच्या शिपायाला घेतलं आणि आम्ही पोचलो. घरात मॅडम एकट्या. नाही, शमीम भाभी होती, शेजारची. मागच्या दारानं आली होती, नवऱ्याला न सांगता. मी चुलीवर पाणी तापवलं, त्या दोघींनी अम्मीला न्हाऊ घातलं, कापूर लावला, पांढऱ्या कापडात गुंडाळलं. आईचे केस विंचरताना मॅडम सारख्या दाराकडे बघत होत्या. आयुष्यभर जिला कोणाची भीती वाटली नाही, ती बाई मी त्या सकाळी घाबरलेली पाहिली.

पुढची नमाज आणि खांदा, ही दोन्ही कामं पुरुषांची. गल्लीत सगळी दारं बंद. थोड्या वेळानं सदरसाहेबांचा धाकटा भाऊ आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "आपा, लय दुःख झालं. भाईजान म्हणतात, दुपारच्या नमाजनंतर सगळी जमात येईल. इमामसाहेब पढवतील. अम्मी आमची पण अम्मी होती." मग चपलेकडे बघत म्हणाला, "फक्त सोमवारचं जरा... संध्याकाळ होती, अंधारात नीट दिसलं नाही, इतकंच म्हणायचं. खोटं पण नाही म्हणायचं."

"अन् नाई म्हटलं तर?"

"तर... कामाचा दिवस आहे आपा. लोक कामावर जातात."

माझ्या अंगाची आग झाली. मेलेल्या आईचा सौदा! मी तोंड उघडणार तोच मॅडमनी माझा दंड धरला. त्या आत गेल्या, अम्मीच्या उशाशी बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. "अम्मी, मी काय करू गं," असं लहान पोरीसारखं विचारत होत्या. शमीम भाभी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मग त्या उठल्या. तोंड धुतलं, नमाजेआधी हातपाय धुऊन वजू केला, ओढणी घट्ट बांधली. वानखेडे सर आणि शिपायाला म्हणाल्या, अम्मीची बाज आंगणात घ्या. तो भाऊ अजून दारातच होता. मॅडम बाजेसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाभी, माह्यासंग उभी राहतेस का? नाई राहिली तरी होते. एकानं केलं तरी होते."

शमीम भाभीनं डोक्यावर पदर घेतला आणि ती त्यांच्या शेजारी उभी राहिली.

जनाज्याची नमाज उभ्यानंच असते, वाकणं नाही की टेकणं नाही. चार वेळा 'अल्लाहू अकबर' म्हणायचं. बाईनं ते हळूच म्हणायचं असतं, असं मला नंतर कोणी सांगितलं. मॅडमनी ते असं म्हटलं की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असावं. नमाज संपली. त्या दारात आल्या, उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि बंद दारांना उद्देशून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नमाज झाली. फर्ज फिटला. आता कोणी गुन्हेगार नाई. जा आपापल्या कामावर!"

सदरसाहेबांचा भाऊ पळाला तो इमामांकडे. इमाम तरुण होते, नवीनच आलेले. ते आले, मॅडमना विचारलं, घरच्यांनी पढली का. मॅडम म्हणाल्या, हो. त्यांनी त्या भावाकडे वळून शांतपणे सांगितलं, "मग झाली. पुन्हा पढता येत नाही." म्हणजे द्यायला किंवा अडवायला सदरसाहेबांच्या हातात काही उरलंच नव्हतं. इमामांनी बाह्या सरसावल्या आणि बाजेच्या एका पायाशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या पायाशी वानखेडे सर, तिसऱ्याशी शिपाई. सर भांबावले होते. "मॅडम, आमचं चालते ना?"

"तुमच्यानं फर्ज फिटत नाई सर, पण खांदा चालते," मॅडम म्हणाल्या. त्या रडण्यातही त्यांना हसू आलं.

चौथ्या पायाशी कोणी नव्हतं. मग समोरचं दार उघडलं आणि म्हातारे रशीद टेलर बाहेर आले. मान खाली घालून म्हणाले, "आपा, मला उशीर झाला." मग त्यांच्या शेजारचं दार उघडलं. मग आणखी एक. बाज निघाली तेव्हा मागे बरीच माणसं होती. सदरसाहेब आपल्या ओट्यावर उभे होते. जनाजा दारावरून जाताना त्यांनी खिशातून टोपी काढून घातली आणि तेही मागे चालू लागले. 

बायका घरीच राहतात. मी राहिले, आणि सगळे वळणाआड गेल्यावर माझा बांध फुटला. "काहून सोडवलं तुमी यांना? राहू द्यायचं होतं ना गुन्हेगार! जन्मभर टोचलं असतं. तुमच्या एका नमाजेनं सगळे सुटले, तो सदर पण सुटला!"

मॅडम आंगणात, बाज होती तिथे, खालीच बसल्या होत्या.

"तुले समजलं नाई, कुंदा. त्यायच्यातर्फे कोण करू शकते? बाहेरचा नाई करू शकत. तू केलं असतं तर ते सुटले असते काय? मी केलं अन् ते सुटले. आता म्हणा म्हणावं मले, का तू आमच्यातली नाई." त्यांनी डोळे पुसले. "मले काढाचा हक्क कोणालेच नाई वं. हे माही जमात आहे. मी सोडून जाणार नाई, अन् खोटं पण बोलणार नाई. काय कराचं ते करा म्हणा."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सोमवारी. त्यानंतर सुनेच्या बाळंतपणाला मी पुण्याला गेले, तिथे राहणं लांबलं, आणि एका सकाळी तिथेच त्या गेल्याचा फोन आला. झोपेतच गेल्या म्हणे. दारात माणूस मावत नव्हता, असं शमीम भाभीनं सांगितलं.

पण त्या सोमवारी आम्ही दोघी रिक्षानं कोर्टात गेलो. डोळे सुजलेले, ओढणी स्वच्छ, पर्समध्ये फुटाणे. कॉरिडॉरमध्ये मोहल्ल्यातली बरीच मंडळी होती. एका भिंतीला सलीम, दुसऱ्या भिंतीला सदरसाहेब, आणि त्यांच्याजवळ बाकावर आदिल. आम्हाला येताना पाहून तो पोरगा उभा राहिला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. उलट बापानं त्याच्या बाहीला धरून खाली ओढलं. तरी तो उभाच. "सलाम आलेकुम, आपा."

"वालेकुम सलाम, बेटा. जेवून आला का?"

त्यानं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मॅडमनी पर्स उघडली, फुटाण्याची पुडी त्याच्या हातात ठेवली. तेवढ्यात कोर्टाच्या शिपायानं त्यांच्या नावाचा पुकारा केला.

मी मागच्या बाकावर बसले. पिंजऱ्यात मॅडम जेमतेम दिसत होत्या, एवढ्या ठेंगण्या. सरकारी वकिलांनी नाव विचारलं, काम विचारलं, त्या दिवशी कुठे होतात ते विचारलं. मग आदिलकडे बोट करून म्हणाले, "या इसमाला तुम्ही ओळखता का?"

मॅडमनी वळून त्याच्याकडे पाहिलं. मग मागे, दाराशी दाटलेल्या मोहल्ल्याकडे पाहिलं. ओढणीचं टोक कानामागून सुटलं होतं. ते त्यांनी नीट खोचलं नाही.

"ओळखते ना साहेब. माह्या हाताखाली शिकला. आमच्या मोहल्ल्याचा आहे. आमचा पोरगा आहे," त्या म्हणाल्या. "अन् गाडी हाच चालवत होता."